मॉल कुठल्या शिळफाट्याचा?

"कळलं का तुला? कोपऱ्यावरच्यांचं जमलं म्हणे!"

काकूंनी हे वाक्य कुंपणापलीकडून टाकलं तेव्हा माझ्या हातात ओली चादर होती. ती तशीच तारेवर टाकली, पिळायचीही राहिली. आमच्या दोन घरांमध्ये सिमेंटचे खांब, काटेरी तार आणि त्या तारेवर माजलेली गोकर्ण आहे. वेल माझ्या बाजूची, फुलं त्यांच्या देवाची, असा जुना करार. फुलं पाच मिनिटांत काढून होतात. त्यानंतरचा वेळ बातम्यांचा.

"कुठलं स्थळ?" मी विचारलं.

"डोंबिवलीचं. मुलगा ठाण्याला आयटीत. एकुलता एक. पण ते सोड, जमलं कुठे ते विचार."

"कुठे?"

"मॉलात!" काकूंनी हा शब्द असा उच्चारला की त्यांच्या पडवीत पेपर वाचणाऱ्या अण्णांनीही मान वर केली. "आणि एका मॉलात नाही. तीन मॉल लागले त्यांना. बस तू, नीट सांगते."

बसायला काही नव्हतं. मी पाण्याची बादली पालथी घातली.

कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी मी लहानपणापासून बघतेय. फार्मसी केलं, आता रसायनीला नोकरी करते, सकाळी सातला फाट्यावर कंपनीच्या गाडीला उभी असते. तिच्यासाठी गेल्या दिवाळीपासून बघणं चालू होतं हेही ठाऊक होतं. पण प्रकरण इतकं पुढे गेल्याचा पत्ता नव्हता. आमच्या आळीत ज्या बातमीचा मला पत्ता नसतो ती काकूंकडे पिकून तयार असते.

"झालं असं," काकू सांगू लागल्या, "मुलाच्या आईचा फोन आला. म्हणाली, पहिल्यांदाच घरी वगैरे यायचं-जायचं नको बाई, उगाच दोन्हीकडे अवघड होतं. शिळफाट्याला मॉल आहे ना, तिथेच भेटू, मुलं बोलतील, आपण चहा घेऊ. आता ही, मुलीची आई, काय बोलणार? आपल्या फाट्यावर मॉल नाही असं सांगायचं म्हणजे पहिल्याच फोनला गावाचा कमीपणा. ती म्हणाली, हो हो, चालेल की!"

"अहो, पण मॉल नाहीच तर जाणार कुठे?"

"तेच ना! रात्रभर घरात खल. मुलीचे वडील म्हणाले, फाट्यावर नवीन बिल्डिंग झालीय, खाली चार गाळे आहेत, त्यालाच म्हणत असतील. आजी म्हणाली, स्टेशनकडे असेल. शेवटी मामाने निकाल दिला. मुंबईकडच्या लोकांना आपल्या भागातलं एकच ठाऊक असतं, एक्स्प्रेस वेवरचा खालापूरचा फूड मॉल. पुण्याला जाता-येता तिथे वडा खातात, गाडीतनं उतरून पाय मोकळे करतात. तोच म्हणत असणार त्या."

मामाचं चुकलं असं मला तरी म्हणवेना. आमच्या खालापूर तालुक्यात 'मॉल' म्हटल्यावर कित्येक वर्षं पहिल्यांदा तोच डोळ्यांसमोर यायचा. इथल्या कितीतरी पोरांनी तिथे काउंटरमागे उभं राहून पहिला पगार घेतलाय.

"मग रविवारी मामाच्या इकोतून सगळे निघाले. मुलगी, आई, वडील, मामा, मामी आणि आजी. मुलीला नेसवली मोतिया रंगाची साडी, डोक्यात गजरा. टोल भरून फूड मॉलात जाऊन बसले. आणि तिथे रविवारी गर्दी किती असते तुला माहितेय. पुण्याला निघालेल्या गाड्या, लोणावळ्याच्या ट्रिपा, हाफ पँटवाले. या सगळ्यांत ही सहा माणसं लग्नाला आल्यासारखी. चष्म्यातला कोणी पोरगा दिसला की आजी विचारायची, हाच का गं? एकाला तर तिने हातच केला म्हणे. तो बिचारा येऊन पाया पडून गेला!"

मी इतकी हसले की बादली डगमगली. अण्णांनी पेपर खाली ठेवला होता. ही गोष्ट त्यांनीही अर्धीच ऐकलेली असावी.

"मग फोन. मुलाची आई म्हणते, पोचलात का? ही म्हणते, हो, कधीच. त्या म्हणतात, आम्हीपण पोचलोय, फूड कोर्टात बसलोय. ही म्हणते, आम्हीपण खायच्याच जागी आहोत, तुम्ही दिसत नाही! त्या म्हणतात, डोशाच्या काउंटरसमोर. ही उठून डोशाच्या काउंटरसमोर जाऊन उभी. तिथे एक सरदारजीचं कुटुंब! मग त्या म्हणाल्या, अहो तुम्ही खालच्या मजल्यावर असाल, सरकत्या जिन्याने वर या. आता ही इकडे तिकडे बघते. कुठला जिना, कुठला वरचा मजला!"

"अगं बाई!"

"मग मामाने फोन घेतला आणि विचारलं, ताई, तुम्ही नक्की आहात कुठे? तर म्हणाल्या, शिळफाट्याजवळ, पलावाच्या मॉलात."

अण्णांना आता राहवेनासं झालं. पाइप कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठल्याही विषयाचा नकाशा काढून दाखवायची सवय आहे. ते पडवीतूनच म्हणाले, "तो ठाण्याचा शिळफाटा. कल्याणचा रस्ता जिथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तो. कल्याण-शिळ रस्त्यावर पलावा वसवलंय, तिथे एक्सपीरिया मॉल आहे. डोंबिवलीच्या माणसाला शिळफाटा म्हणजे तोच. आपला हा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून पाली-पेणकडे वळतात तो. दोन्हींच्या मधे अख्खं पनवेल पडतं."

हे दुखणं आम्हाला नवीन नाही. टीव्हीवर शिळफाट्याची कोंडी दाखवली की माझी आई गावाहून फोन करते, आज बाहेर पडू नका गं. इथे माझ्या दारात कुत्रं आडवं झोपलेलं असतं. कुरिअरवाला तिकडे जाऊन 'पत्ता सापडत नाही' म्हणून मोकळा होतो. नवीन माणसाला पत्ता सांगताना मी आता 'खोपोलीचा शिळफाटा' असंच सांगते, आणि तरी वर 'इमॅजिकाला वळता ना, तिथे' हे जोडते. २०१३ साली ते इमॅजिका झाल्यापासून आमच्या फाट्याला बाहेरच्या जगात ओळखीची एक खूण तरी मिळाली. नाहीतर अष्टविनायक करणाऱ्या पालीच्या भक्तांनाच काय तो आमचा फाटा माहीत.

"मग? मोडलं असेल तिथेच," मी म्हटलं.

"मोडतंय कशाला! फोनवर दोन्हीकडचे पोट धरून हसले. मुलाची आई म्हणाली, तिकडे वडा कसा आहे? ही म्हणाली, महाग आहे. झालं, तिथेच अर्धं जमलं. तिसऱ्या कुठल्या जागी भेटायचं हे ठरवायला मग वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी पनवेलला. एसटी स्टँडजवळचा ओरायन."

पनवेलचा ओरायन मॉल आमच्याकडच्या बायकांना पाठ आहे. स्टँडवर उतरलं की चालत गाठता येतो, रिक्षा करायला नको, रस्ता विचारायला नको. तिथे आम्ही खरेदी करतो असं मात्र म्हणू नये कोणी. साडी आमची खोपोलीच्या बाजारात, भांडी तिथलीच, किराणा जिथे दोन रुपये स्वस्त तिथे. ओरायनमध्ये आम्ही बसतो. पनवेलला डॉक्टरची पाचची वेळ असते आणि गाडी आपल्याला दीडलाच नेऊन सोडते. मुलाची अॅडमिशन, सासूबाईंचे रिपोर्ट, पासपोर्टची कागदं, कोणाला तरी कोकणच्या गाडीत बसवून देणं, या सगळ्यांत मधे दोन-तीन तासांचं भोक पडतं. ते भोक पूर्वी स्टँडच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बुजवायचं. आता सुनेला, पोराला, म्हातारीला घेऊन गार हवेत बसता येतं, कोणी उठवत नाही, आणि स्वच्छ संडास असतो. पुरुषांना हे सांगून कळत नाही. मॉलची कुठलीही जाहिरात उघडून बघा, ब्रँडची नावं असतात, सिनेमाचे पडदे असतात. ज्या एका गोष्टीसाठी अर्धा तालुका आत शिरतो तिचा उल्लेख नसतो.

"तर तिथे भेटले," काकू पुढे म्हणाल्या. "आणि बघ, तिथे काय काय झालं. मुलाची आई सरकत्या जिन्याला घाबरते. डोंबिवलीत राहून! आणि आपली आजी तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. बाकीचे सगळे जिन्याने वर गेले आणि या दोघी लिफ्टने. लिफ्ट यायला उशीर, मग चुकून खालच्या पार्किंगला गेली, मग वर आली. तेवढ्यात दोघींचं माहेर, गोत्र, गुडघे, सगळं बोलून झालेलं. वर पोचल्या तेव्हा हातात हात! आजी मुलाला बघायच्या आधीच म्हणाली, मला सासू पसंत आहे."

"आणि मुलं?"

"मुलं हिंडत होती दुकानांतून. काही घेतलं नाही हो, नुसतं बघत. मुलगी सांगत होती मला, एका दुकानात त्याने शर्टाची किंमत बघितली आणि परत तसाच घडी घालून ठेवला, व्यवस्थित. तिला तेवढं आवडलं म्हणे. आता घरात पोहे पुढे करून बसवलं असतं तर हे कळलं असतं का?"

यावर मी काही बोलले नाही, कारण मला माझंच आठवलं. मला बघायला आले तेव्हा आमच्या घराला आठवडाभर रंग चालू होता. पावसाळ्यातली ओल भिंतीवर परत वर येईल म्हणून वडिलांनी तिथे कॅलेंडर टांगलं. शेजारून कपबशा आणल्या. पाहुणे पोहे खाऊन, घर डोळ्यांनी मोजून गेले आणि नंतर पंधरा दिवस काहीच कळवलं नाही. त्या पंधरा दिवसांत आई फोन वाजला की पदर सावरायची. ते स्थळ झालं नाही. हे झाले ते नंतरचे.

"आणि पैसे कोणी दिले?" मी विचारलं. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुंपणावरची कुठलीही गोष्ट पुरी होत नाही.

काकूंचा चेहरा खुलला. याचीच वाट बघत असाव्यात. "तीच तर गंमत! तिथे आधी पैसे, मग खाणं. आणि प्रत्येक पदार्थाचं दुकान वेगळं. मुलाचे वडील डोशाच्या काउंटरवर गेले, मामाने कॉफीचे दिले, मुलीने स्वतःच्या मोबाइलवरून सरबताचे. आणि आजीने बटव्यातून नोट काढून सगळ्यांना आइस्क्रीम! कोणी कोणाला 'अहो राहू द्या' म्हणायच्या आत बिलं झालेली. हिशेब करायला बसावं तर कोणी कोणाचं खाल्लं ते कळायचं नाही."

मला यातलं खरं काहीतरी हाती लागल्यासारखं झालं. आमच्यात मुलीकडचे म्हटलं की ते कायमचे यजमान, मुलाकडचे कायमचे पाहुणे. पाहुण्यांनी पाय पसरायचे, यजमानांनी उभं राहायचं. त्या फूड कोर्टातल्या खुर्च्या सगळ्या एकसारख्या, खिळवलेल्या, हलवायच्याही नाहीत. ताट प्रत्येकाने आपलं उचलून आणायचं. कोणी कोणाला वाढायचं नाही. व्याह्याला ट्रे घेऊन रांगेत उभं राहिलेलं बघितलं की मुलीच्या आईचा अर्धा धाक जातो. आणि नकार द्यायचाच असला तर कोणाला उठवून दारापर्यंत पोचवायला नको. 'गाडीची वेळ झाली' एवढं म्हणायचं आणि स्टँडकडे चालू लागायचं. गाडीची वेळ कधीही झालेली असते.

पण हे जमायला जागा स्टँडजवळच हवी. पलावाला भेट झाली असती तर आमची मंडळी दोन तास उन्हातून, दबून पोचली असती. इथे खोपोलीहून एसटीने येणाराही त्याच दारातून आत आला आणि डोंबिवलीहून स्वतःच्या गाडीने येणाराही. उलट गाडीवाल्यालाच पार्किंग शोधत हिंडावं लागलं, हे काकूंनी दोनदा सांगितलं.

अण्णा आता खुर्ची घेऊन अंगणातच आले. काकूंनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, म्हणजे आता भाषण. पण अण्णांचं भाषण मला आवडतं, हे मी काकूंना कधी सांगितलेलं नाही.

"माणूस जिथे गाडी बदलतो तिथे बाजार बसतो," अण्णा म्हणाले. "आपलं खोपोलीच बघ ना. १८५६ साली मुंबईहून येणारी रेल्वे इथे येऊन थांबली. पुढे घाट. इंग्रज कागदोपत्री कॅम्पुली लिहायचे. पुण्याला जाणारा माणूस इथे उतरायचा आणि पालखी, तट्टू, जे मिळेल त्याने बोरघाट चढायचा. १८५८ला खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच. म्हणजे सगळी मुंबई आणि सगळं पुणं आपल्या दारात गाडी बदलत होतं. मॉल बांधायचा तर तेव्हा बांधायला हवा होता!"

"तेव्हा लोकांकडे पैसे होते का मॉलला?" काकू.

"१८६३ला घाटातून रूळ पडले, गाड्या कर्जतकडूनच वर चढायला लागल्या, आणि आपण झालो फाट्यावरची लाइन. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एकेरी रूळ. पुढे रस्त्याने सावरलं. जुन्या हायवेवर ट्रक, एसट्या, सगळे घाट चढायच्या आधी इथे थांबायचे. इंजिन गार करायचे, वडा खायचे, वर शिंग्रोबाला पैसा टाकायचे. २००२ला एक्स्प्रेस वे पुरा झाला आणि ती गर्दीपण गावाबाहेरून निघून गेली. दोनदा आपल्याला वळसा घालून गेलेत लोक."

"शिंग्रोबालाही वळसा," काकू हळूच म्हणाल्या आणि त्यांनी घाटाच्या दिशेने हात जोडले.

मी मधेच विचारलं, "पण अण्णा, नवी मुंबईत स्टेशनांवरच कसे मॉल?" माझी लेक ऐरोलीला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. ती सुट्टीला सीवूड्सच्या मॉलमध्ये जाते. तिचं म्हणणं, पावसात छत्री न उघडता फलाटावरून दुकानात पोचता येतं.

"कारण तिथे रेल्वे दुकानांच्या जिवावर आली," अण्णा खुशीत आले. "वाशीपर्यंतची लाइन १९९२ला आली, पनवेलला १९९८ला. खर्चाचे ६७ टक्के सिडकोने घातले, रेल्वेने ३३. सिडकोने ते पैसे काढायचे कुठून? स्टेशनच्या भोवतालची जमीन आणि स्टेशनच्या डोक्यावरची जागा विकून. म्हणून तिथली स्टेशनं बघ, स्टेशन कमी आणि ऑफिसची इमारत जास्त. सीवूड्स-दारावेला तर एल अँड टीने स्टेशनसकट सगळंच बांधलं. २०१७ला मॉल उघडला. खाली लोकल, वर दुकानं. आता त्याला नेक्सस सीवूड्स म्हणतात. उरणची लाइनपण तिथूनच जाते."

"म्हणजे पोरं पास काढतात आणि मॉल फिरतात," काकू म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडे वळल्या. "तुझी लेक पण तिथेच जाते ना? एकटी जाते की कोणी असतं बरोबर?"

"मैत्रिणी असतात."

"मैत्रिणीच ना?"

"काकू!"

"विचारलं आपलं. या रविवारी येणारेय का ती?"

मी म्हटलं, येईल बहुतेक. तेव्हा मला त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही.

अण्णांना मात्र त्यांचा विषय सोडायचा नव्हता. "पहिले मॉल असे नव्हते. १९९९ला हाजीअलीला क्रॉसरोड्स निघालं. सुरुवातीला गर्दी इतकी झाली की त्यांनी नियम काढला, मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर आत जायचे पैसे भरा. तेव्हा मोबाइल किती जणांकडे होता? म्हणजे दुकानात शिरायलाच ऐपत दाखवायची."

"आता उलट झालंय," मी म्हटलं. "आता ऐपत नसलेला माणूस आत येऊन बसला तरच मॉल भरलेला दिसतो."

"भरलेला दिसतो, पण गल्ल्यात काय पडतं?" काकू व्यवहाराला पक्क्या. "आपल्या वरच्या आळीतल्या सुनेचं सांगते. नाव नको घ्यायला. पोरांना घेऊन गेली कुठल्याशा मॉलात, ओरायन नव्हे, दुसरीकडे कुठेतरी. तिथे खेळायच्या जागी रोख घेत नाहीत, आधी कार्डात पैसे भरायचे. पाचशे भरले. पोरं दोन गाड्यांत बसली, एका यंत्रातून बाहुली काढायचा प्रयत्न केला, आली नाही. थोडे पैसे उरले. परत मिळेनात. पुढच्या वेळी वापरा म्हणे. आता पुढची वेळ येईपर्यंत पोरं कॉलेजात जातील! ती म्हणाली, आमची पोरं आपल्या जत्रेतल्या पाळण्यावर वाढली, तिथे पाळणेवाला निदान ओळखीचा तरी असतो, एक फेरी जास्त देतो."

"आणि घरून नेलेला डबा?"

"दारातच अडवला. थालीपीठ होतं. बाहेर पायरीवर बसून खाल्लं सगळ्यांनी, पहारेकऱ्यालाही एक दिलं. त्याने घेतलं! बघ कसा नियम."

खरं सांगायचं तर मला या डबाबंदीचं नेहमी नवल वाटतं. गार हवा फुकट, बाकडं फुकट, संडास फुकट, आणि थालीपिठाला मात्र बंदी. पण मालकाच्या जागी बसून बघितलं तर त्याचं तरी काय चुकतं? सगळा तालुका बसायला येणार आणि डबा घरचा खाणार, मग विजेचं बिल कोण भरेल?

विजेचं नाव काढलं आणि मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. "वीज!" अण्णा म्हणाले. "टाटांनी खोपोलीचं वीजघर १९१५ला चालू केलं. घाटावरचं पाणी इथे खाली आणून वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. त्या मुंबईत गिरण्या जाऊन मॉल झाले. आणि वीज ज्यांच्या दारात तयार झाली त्यांच्या फाट्यावर अजून सरकता जिना नाही."

"नको आहे तो जिना," काकू म्हणाल्या. "मी चढायची नाही."

पण मॉल येईल अशी हवा मात्र आहे. फाट्यावर इमारतींचे फलक लागलेत, त्यांवर विमानतळ इतक्या मिनिटांवर, अटल सेतू तितक्या मिनिटांवर. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं तेव्हापासून फलकांवरची मिनिटं अजून कमी झालीत, रस्ता तेवढाच असून. पनवेल-कर्जत नवी दुहेरी लाइन चाललीय, मधे चिखले, मोहोपे, चौक अशी स्टेशनं. ती झाली की कर्जतकर ओरायनला एसटीशिवाय जातील. आमचा मात्र फाटा तो फाटाच. इथे जे नवे फ्लॅट विकले जातात त्यांतल्या निम्म्यांना शनिवारी दिवे लागतात आणि रविवारी रात्री विझतात. ती माणसं मुंबईहून येताना कोथिंबीरसुद्धा घेऊन येतात. त्यांच्या जिवावर चार मजले कोण उभे करणार? अण्णांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, पालीचा रस्ता, इमॅजिकाचा रस्ता, घाट, तिन्हीकडची माणसं इथे मिळतात, फक्त त्यांना गाडीतून खाली उतरवणारं काहीतरी हवं. त्यांच्या मते ते काम वडापाव करू शकतो. खोपोलीत रमाकांतच्या वड्यासाठी लोक अजूनही जुना हायवे धरतात, हा त्यांचा पुरावा.

"आता पुढे काय ठरलं?" मी गाडी रुळावर आणली. "कोपऱ्यावरच्यांचं?"

"साखरपुडा इथेच, महडच्या वरदविनायकाला नारळ ठेवून. बस्त्याचं मात्र भांडण आहे गोड. मुलाची आई म्हणते, डोंबिवलीत घेऊ. आजी म्हणते, पनवेलला, म्हणजे परत त्या लिफ्टमध्ये बसू! तिला आता लिफ्टचा नाद लागलाय."

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. मी उठले. काकू मात्र हलल्या नाहीत. फुलांची परडी कधीच भरली होती, तरी त्या एकेक पान उलटून बघत होत्या. काकू पान उलटायला लागल्या की अजून काहीतरी पोटात आहे हे समजावं.

"अजून काय?"

"काही नाही. माझ्या भाच्याचे शेजारी आहेत खारघरला. चांगली माणसं. मूळ पोलादपूरकडची. मुलगा इंजिनिअर आहे."

मी परत बादलीवर बसले. कुकरने दुसरी शिट्टी दिली.

"काकू, तिला अजून लग्नच नकोय."

"कोण म्हणतंय लग्न कर? मी फक्त म्हटलं, रविवारी आम्ही पनवेलला येणार आहोत. म्हणजे मी येणार आहे. भाचा येईल, त्याचे शेजारी असेच येतील, हिंडायला. तुम्हीही असेच या, तुझ्या लेकीला सांग काहीतरी घ्यायचंय म्हणून. घर बघायचं नाही, पोहे करायचे नाहीत, रंग द्यायचा नाही. बघितलं तर बघितलं. नाही पटलं तर तिची ऐरोलीची गाडी, आपली खोपोलीची."

म्हणजे गेला पाऊण तास मॉल, सिडको, १८५६ची रेल्वे आणि आजीची लिफ्ट या सगळ्यांतून ही बाई इथे येत होती. मी अण्णांकडे बघितलं. ते पेपरात शिरले होते, पण पेपर उलटा होता.

"तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल," मी म्हटलं.

"कळेलच. हुशार आहे. पण मॉलात कोणाला ओरडता येत नाही, चार माणसं बघतात. दहाची एसटी पकडू. मी अमृतवाली, पंच्याहत्तर पूर्ण, मला सगळं फुकट. तुला बायकांचं अर्धं." काकूंनी परडी उचलली आणि जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "भाऊजींना मात्र घरीच ठेव. त्यांचं पूर्ण तिकीट पडतं."